कठीण किती, धोका किती

जऊळका स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर प्रसेनजितचा शब्द म्हणजे निकाल. बारा वर्षं त्यानं जत्रांमधल्या 'मौत का कुआँ'मध्ये, फळ्यांच्या उभ्या भिंतीवर, मोटारसायकल फिरवली होती. गुडघा गेला तेव्हा गावी येऊन पंक्चरचं दुकान टाकलं. लोक मोबाइलवर कुठकुठले स्टंट घेऊन यायचे. कुणी ट्रकांवरून गाडी उडवतोय, कुणी आगीच्या कड्यातून काढतोय. मग प्रसेनजित चहा बशीत ओतून दोन आकडे सांगायचा, दोन्ही दहापैकी. एक कठीण किती, दुसरा धोका किती.

"आगीचं कडं? कठीन दोन, धोका चार. चुलीपुढं बसनारी बाई याच्याहून जास्त पोळते." लोक हसायचे. "भित्तीवर पयल्यांदा चढनं, कठीन दहा. पन कठीन म्हनजे काय, सरावानं जमते. धोक्याले सराव नसते."

हे वाक्य त्याच्या धाकट्या भावाला, संघदीपला, तोंडपाठ होतं. संघदीप ग्रामपंचायतीत कारकून, पगारी माणूस, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. पण दादाचा शब्द आला की त्याला पुढचं-मागचं काही दिसायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्यानंच मोबाइल पुढे केला. सरळ रस्त्यावर, सीटवर उभा राहून, हात सोडून गाडी मारणारा कुणी होता. प्रसेनजितनं नाक मुरडलं. "हे? कठीन तीन. हे तं माही मायबी मारते." हशा पिकला, कुणीतरी टाळीला हात पुढे केला, आणि त्या कौतुकात दुसरा आकडा राहूनच गेला. नऊ होता तो. एक गोटा, एक कुत्रं, बस्स. चार माणसांच्या हशापायी माणूस काय गिळून बसतो, याला काही सुमार नाही.

तिसऱ्या दिवशी अनसिंगच्या रस्त्यावर, हात सोडून सीटवर उभ्या राहिलेल्या संघदीपच्या गाडीला कुत्रंच आडवं आलं.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून सांगितलं, "चालणं कठीण आहे." बाहेर आल्यावर प्रसेनजितनं विचारलं, किती कठीण? डॉक्टर थांबले. "कठीण असं आम्ही पेशंटपुढे म्हणतो हो. मणक्यातली नस पार तुटली आहे. पाय आता परत येणार नाहीत."

दोन महिने त्यानं हे पोटात ठेवलं. संघदीपला सांगितलं नाही, त्याच्या बायकोला, सपनाला, तर नाहीच. धीर झाला नाही, दुसरं काही नाही. दर दोन तासांनी दुकान सोडून यायचं, भावाला कुशीवर वळवायचं, परत जायचं. भरून आलं की ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत बसायचं, भोक सापडलं तरी.

आज दुपारी वळवताना संघदीपनं त्याचं मनगट धरलं.

"दादा, डॉक्टर कठीन म्हनले. होतच नाई असं नाई म्हनले."

"हो."

"मंग आकडा सांग. चालनं कठीन किती?"

खरं उत्तर दहाच्या पलीकडचं होतं, आणि पलीकडे आकडाच नव्हता.

"नऊ," तो म्हणाला.

संघदीपचा चेहरा असा उजळला की प्रसेनजितला पाहवेना. "नऊच? भित्तीले तं तू दहा देत होता. म्हनजे सरावानं जमते." त्यानं पायावरचं पांघरूण काढायला लावलं. दातओठ खाऊन जोर केला. कपाळावर घाम फुटला. उताणं पडल्या पडल्या त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते.

"पाह्य दादा, अंगठा हालला काय?"

अंगठा होता तसा होता. प्रसेनजितला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"हालला. थोडासा."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पिठाच्या हातांनी सपना दारात येऊन उभी राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती हसत होती.

"खरंच, दादा?"

धोक्याचा आकडा याही वेळी त्यानं मनात धरला नव्हता.

"हो," तो म्हणाला.

तिनं पदराला हात पुसले आणि कोनाड्यातला मोबाइल उचलला. "अकोल्याले डॉक्टरसायबाले फोन लावतो," ती म्हणाली. "थेही खूश होतीन."