खिळ्याचं बटण

किल्ली दोनदा फिरवूनही कपाट उघडेना, तेव्हा तिने दारावर गुडघा टेकवला आणि पुन्हा फिरवली. आई असंच उघडायची. दार कुरकुरत बाहेर आलं. त्याच्या आतल्या बाजूला एका खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं मोठं तपकिरी बटण पत्र्यावर आपटलं आणि हलत राहिलं.

तिसरीची मुलं मैदानावर गेली होती. बाकांवर उघडी दप्तरं, अर्धवट टोक केलेल्या पेन्सिली. वर्गाच्या नवीन बाई खिडकीपाशी वह्या तपासत होत्या आणि तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होत्या.

तिने एकेक वस्तू पिशवीत भरायला घेतली. पुठ्ठ्याचे फासे. अक्षरं रंगवलेली बाटल्यांची झाकणं. पाढ्यांचे पत्ते. हाताने काटे फिरवायचं घड्याळ, ज्यातला तास-काटा तिने स्वतः लहानपणी कापला होता, जरा वाकडाच. हे सगळं घरी नेऊन काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. इथे राहू द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

खालच्या फळीवर काचेची बरणी होती. बटणांनी गळ्यापर्यंत भरलेली.

"ताई, तेवढी बरणी ठेवाल का?" नवीन बाईंनी वही मिटली. "बाकी सगळं न्या. पण 'चूक पकडा' खेळल्याशिवाय ही पोरं गणिताला बसत नाहीत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर सरळ बेरजा लिहिल्या, तर मलाच म्हणतात, बाई, आज चुकायचं विसरलात का?"

खेळ तिला पाठ होता. आई एखादं गणित मुद्दाम चुकवायची. जो पकडेल त्याला बरणीतलं एक बटण, कायमचं. शनिवारी ज्याच्याकडे जास्त बटणं, तो शाळेची घंटा वाजवणार. वर्ष संपेपर्यंत बरणीचा तळ दिसायचा, आणि सुट्टीत मायलेकी जुन्या कपड्यांची बटणं कापून ती पुन्हा भरायच्या.

"वर्ष संपत आलं," ती म्हणाली. "मग ही भरलेली कशी?"

नवीन बाईंनी खांदे उडवले. "मी आले तेव्हा तर काठोकाठ होती."

आईच्या चुका आधी घरात सुरू झाल्या होत्या. चहात मीठ. तोच प्रश्न जेवताना चार वेळा. 'आई, अगं किती वेळा सांगू?' हे वाक्य तिच्या तोंडात बसून गेलं होतं. मग एका संध्याकाळी आईने तपासलेली वह्यांची चळत तिने सहज चाळली. चुकलेल्या गणितांवर ठळक बरोबरच्या खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी आईला न सांगता ती मुख्याध्यापिकांना भेटली. त्या आठवड्यात आईची शाळेतली नोकरी सुटली. दोन महिन्यांनी आई गेली. शाळेत कोणी सांगितलं, हे आईने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

दारातून एक मुलगी धापा टाकत आत आली. कानामागे पेन्सिल, एक वेणी सुटलेली.

"या आमच्या मास्तरीणबाई," नवीन बाई म्हणाल्या. "नाव तुमच्या आईंनीच ठेवलंय. काय गं, खेळ सोडून इकडे कशी?"

"पाण्याची बाटली राहिली, बाई." तिची नजर बरणीवर गेली, मग पिशवीवर. "बटणं नेताय? ती आमची आहेत. म्हणजे, आम्ही परत टाकलेली."

"परत का टाकली?"

मुलीने नवीन बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "आधीच्या बाई खूपच चुकायला लागल्या होत्या ना. आम्ही ठरवलं, खऱ्या चुकीचं बटण घ्यायचं नाही. चुकून मिळालंच, तर मधल्या सुट्टीत परत बरणीत."

"खरी चूक ओळखायची कशी?"

"सोप्पंय. मुद्दाम चुकल्या की बाई वळून आमच्याकडे बघायच्या. अशा, गालात हसत. खरी चूक असली की फळ्याकडेच बघत राहायच्या. मग कुणी हात वर करायचा नाही. एकजण उठून डस्टर द्यायचा, बस."

तिने पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले, सोडले, पुन्हा अडकवले.

"आणि ते खिळ्याचं आमचं नाही," मुलगी म्हणाली. "ते बाईंच्या मुलीचं. तुम्हीच ना?"

"माझं?"

"शेवटच्या दिवशी बांधलं बाईंनी. म्हणाल्या, मला वाटत होतं मला अजून शिकवता येतंय. ती चूक माझ्या लेकीने पकडली. एवढ्या मोठ्या चुकीला बारकं बटण शोभत नाही. आणि त्याला कुणी हात लावायचा नाही."

आईच्या कोटाचं वरचं बटण. थंडीत त्यावरूनही ती आईला बोलली होती. 'कुठे पाडलंस गं?' आणि आई म्हणाली होती, 'शाळेत आहे. हरवलं नाही.'

तेवढ्यात बाकीची मुलं आत घुसली. ढकलाढकली, बुटांची माती. मास्तरीणबाईंनी बाकावर चढून जाहीर केलं, "आज खेळ ताई घेणार!"

"अगं, त्यांना विचार तरी," नवीन बाई म्हणाल्या. पण खडू त्यांनी पुढे केला होता.

तिने पिशवी कपाटाशी ठेवली. घड्याळ बाहेर काढून पुन्हा फळीवर मांडलं, मग फासे. मग फळ्यापाशी जाऊन लिहिलं: ७ × ८ = ५४.

आता वळायचं होतं. गालात हसायचं होतं. तिने खडू घट्ट धरला आणि चौपन्नातल्या चारकडे बघत राहिली. डोळ्यांपुढे चार पुसट झाला, एकाचे दोन दिसायला लागले.

मागे एकही हात वर झाला नाही. बाकही वाजलं नाही.

मग कुणाची तरी हलकी पावलं जवळ आली, आणि तिच्या मोकळ्या हातात कुणीतरी डस्टर ठेवलं.