शिशावरचा ठसा

आमच्या दुकानात ते नाव सात ठिकाणी आहे. दारावरच्या पाटीवर एकदा, दोन जुन्या तराजूंच्या पितळी पट्ट्यांवर एकेकदा, पणजीच्या फोटोखाली एकदा आणि पोलादी ठशावर उलट्या अक्षरांत एकदा. उरलेल्या दोन ठिकाणी ते माणसांना लावलेलं आहे: एक माझी आत्या, दुसरी मी. घरात मात्र ते कोणी उच्चारत नाही, कारण हाक मारली की दोघी ओ देतो. म्हणून ती थोरली आणि मी धाकटी.

आम्ही वजनं दुरुस्त करतो. लोखंडी वजन वापरून वापरून झिजतं. त्याच्या बुडाशी एक खळगा असतो. त्यात शिसं ओतून वजन पुन्हा नेमकं करायचं, केसभर जास्त चालतं, कमी नाही, आणि शिसं गार झालं की त्यावर आमचा ठसा मारायचा. सरकारी शिक्का वेगळा, तो नंतर. पण बाजारातले लोक आधी आमचा ठसा बघतात. तो मारायचा त्या नावाच्या बाईनेच, असा पणजीपासूनचा दंडक. माझ्या भावाचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे. भट्टी तोच पेटवतो, शिसं तोच ओततो, आणि ठशाची वेळ आली की हातोडी खाली ठेवून मला बोलावतो.

मला दूरच्या शहरातल्या मोजमापांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तिथे एक किलो तोलताना हवेने उचललेला भारसुद्धा हिशेबात धरतात. महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. थोरलीला सांगितलं तेव्हा ती कानस चालवत होती. ती थांबली नाही.

"जा की. मी काय तुझे पाय धरलेत?"

"मग ठसा?"

"अजून पंधरा-वीस वर्षं हातोडी उचलेन मी. पण कुणासाठी? मागे नाव लावणारं कुणी नसेल तर मी उद्याच कुलूप घालते. तुझा भाऊ बसेल मग भट्टीतली राख चाळत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या वहिनीला मुलगी झालीय. आपलं नाव तिला ठेवायला लाव. ती हाताशी येईपर्यंत मी रेटते. तू मोकळी."

"आणि तिला नको असलं तर?"

"कुणाला? बाळाला? मला तरी कुठे कुणी विचारलं होतं?"

वहिनीला दंडक-बिंडक मान्य नव्हता. ती मला म्हणाली, "ताई, आत्याबाईंच्या धाकाने मी काही ठेवणार नाही. तुम्ही शिकलेल्या. अर्थ काय, आलं कुठून, हल्ली कुणी ठेवतं का, ते नीट सांगा. पटलं तर ठेवते."

भाऊ म्हणाला, "मी मध्ये पडत नाही."

"तुम्ही मध्ये कधी पडलात? तुम्ही नेहमी बाजूलाच पडता."

रविवारी दुपारी मागच्या खोलीत सगळे बसलो. बाळ वहिनीच्या मांडीवर झोपलं होतं. मी सांगायला सुरुवात केली. नावाचा अर्थ 'राहा' असा. मुलं जगत नसत अशा घरांत हे नाव ठेवायचे. पणजीच्या आधी तीन गेली होती. चौथीला तिच्या आईने हे नाव ठेवलं आणि ती राहिली, चांगली नव्वदीपर्यंत.

"म्हणजे नाव लागू पडतं," थोरली म्हणाली.

"औषध आहे का ते, आत्याबाई?" वहिनी म्हणाली; पण हसली.

मग मी आलेख दाखवला. दरवर्षी जन्मलेल्या मुलामुलींच्या नावांचे आकडे छापून येतात, त्यांवरून काढलेला. रेघ सुबक वर चढत होती. आलेख खरा होता. उभ्या अक्षावर मी आकडे लिहिले नव्हते, इतकंच.

"पाच वर्षांत चौपट," मी म्हटलं.

"ऐकलंस? जुनं ते सोनं उगाच नाही म्हणत!" थोरलीने मांडीवर थाप मारली.

वहिनीचा चेहरा सैलावला. "मला एकच धास्ती होती. शाळेत हिला चिडवतील. वर्गात या नावाची आणखी एखादी असली की कसं, सोबत होते."

मला शाळेत 'काटा' म्हणायचे. बाकावर माझ्या शेजारी बसलेली मुलगी उठली की ओरडायचे, "पारडं खाली गेलं!" माझ्या नावाची दुसरी मुलगी मला शाळेत भेटली नाही, कॉलेजातही नाही.

वहिनीने बाळाचं टोपडं सारखं केलं. "तरी किती असतील हो, ताई?"

'पुष्कळ' म्हटलं असतं तर भागलं असतं. थोरली माझ्याकडे बघत होती. भाऊ जमिनीकडे.

"चार," मी म्हटलं.

"शंभरात?"

"देशात."

"आणि पाच वर्षांपूर्वी?"

"एक."

भावाच्या तोंडून हसू निसटलं. ते त्याने खोकल्यात लपवलं. वहिनी हसली नाही. "तुम्ही ठेवलं असतं तुमच्या मुलीला?"

"नाही."

वहिनी बाळाला घेऊन उठली. भाऊ तिच्या मागे गेला. थोरलीने आलेखाचा कागद उचलला, लांब धरून पाहिला.

"तुझ्या आईने मला हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या वेळी. मी म्हटलं, फार चाललंय हल्ली हे नाव. गल्लोगल्ली आहे."

"खोटं?"

"साफ खोटं. मलाही जायचं होतं तेव्हा."

"मग गेली का नाहीस?"

"तू हाताशी येईपर्यंत कोण थांबणार होतं? मी थांबले. ज्याच्याकडे जायचं होतं, तो नाही थांबला." तिने कागदाची घडी घातली. "तू हुशार. मधली वाट बघायची वर्षं वाचवलीस. पण जायचं म्हणशील तर कुलूप आहेच. माझा शब्द बदलत नाही."

शनिवारी वहिनीने मुलीचं नाव ठेवलं, दोन अक्षरी, त्या वर्षी सगळीकडे ऐकू येत होतं असं. मी प्रयोगशाळेला नकार कळवला.

सोमवारी वाणी पाच किलोचं वजन घेऊन आला. "धाकट्या बाई, बघा हो जरा. गिऱ्हाईक म्हणतंय, तुमचं वजन तुमच्यासारखंच वाळलंय."

मी ते तराजूवर ठेवलं. अकरा ग्रॅम कमी भरलं. भावाने खळग्यातलं जुनं शिसं काढलं, नवं ओतलं, गार होऊ दिलं आणि हातोडी खाली ठेवली. थोरली चष्मा कपाळावर सारून खिडकीपाशी बसली होती. मी ठसा मारला, बूड फडक्याने पुसलं आणि वजन पुन्हा तोललं.

पाच किलो, शून्य पूर्णांक दोन ग्रॅम जास्त.