सुई टेकल्याशिवाय

पत्रकावर ‘सोल नाईट’ छापलेलं असलं, तरी इंदापुरातली ही नाईट महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला सुरू व्हायची आणि पाचला संपायची. कारण साधं होतं. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना घरी जाऊन धारा काढायच्या असत आणि उरलेल्यांना एसटी गाठायची असे. लोक जोतीरामला यावरून चिडवत. तो म्हणे, अमेरिकेत गाणाऱ्यांच्या दारात म्हशी नसतात, म्हणून त्यांना रात्र परवडते.

जोतीराम बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात पिशव्या भरायच्या मशीनवर कामाला होता. वीस वर्षं त्याला तबकड्यांचं वेड. आधी भजनं, लावण्या, मिळेल ते घ्यायचा. मग पुण्यात जुन्या बाजारात, बोटीवरच्या एका इंजिनियरच्या घरातून निघालेली पेटी त्याच्या हाती लागली. आत सात इंची दोनशे तबकड्या, सगळ्या काळ्या अमेरिकन गायकांच्या सोल गाण्यांच्या. शब्द त्याला आजही कळत नाहीत. पण गाणारा बेंबीच्या देठापासून हाक मारतो आणि मागची मंडळी झील धरतात, हे ऐकून त्याला गावचा गोंधळ आठवला आणि तो फसला तो फसलाच. त्याचा दोस्त गोकुळ याचं हायवेला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यानं दुकानावरची मोकळी खोली दिली. आता तिथं तीस-चाळीस माणसं येत. नर्सबाई, कंडक्टर, शाळेतले गुरुजी, फवारणी पंप दुरुस्त करणारा, सगळे चपला काढून नाचत आणि खाली गोकुळच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर माती पडे.

खोलीचा नियम एकच. जोतीरामनं तो पाटीवर रंगवून भिंतीला ठोकला होता: ‘सुई टेकल्याशिवाय आवाज नाही.’ मोबाईल नाही, पेनड्राइव्ह नाही. वीज गेली तर प्लेअर हळूहळू थांबे, गाणाऱ्याचा आवाज रेड्यासारखा जाड होत होत बसे, आणि सगळे मिळून त्याची नक्कल करत हसत. स्पीकर बॅटरीवरचा होता, पण तबकडीच फिरली नाही तर तो बिचारा काय बोलणार? वीज येईपर्यंत चहा होई.

सगळ्यात शेवटी, पावणेपाचला, अमेरिकेची नसलेली एकच तबकडी लागे. ती आबासाहेबांची. वडगाव निंबाळकरचे आबासाहेब ऐंशीच्या घरातले, ऊस आणि चार गाई बाळगून असलेले, कमी बोलणारे. दोन एसट्या बदलून यायचे, पुढच्या खुर्चीत बसायचे आणि नाचणाऱ्यांकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. त्यांची बायको जयवंताबाई लग्नाआधी पुण्यात एका गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली होती. बक्षीस म्हणून एका स्टुडिओनं तिचा आवाज तबकडीवर कोरून दिला होता. जात्यावरच्या चार ओव्या, तीन मिनिटांच्या. ती कच्ची तबकडी होती, म्हणजे पत्र्याच्या चकतीवर रोगणाचा पातळ थर आणि त्यात थेट कोरलेला आवाज. अशी एकच निघते, आणि दर वेळी सुई फिरली की थोडी थोडी झिजते.

बाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी आबासाहेबांनी ती तबकडी चादरीत गुंडाळून आणली आणि घरी उंदरं फार म्हणून जोतीरामपाशीच ठेवली. जोतीरामनं तेव्हा सुचवलं होतं, झिजायच्या आत लॅपटॉपवर उतरवून घेऊ. आबासाहेब नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. जोतीरामनं मान डोलावली आणि त्याच आठवड्यात गुपचूप उतरवून घेतली. मनात पाप नव्हतं. हातची वस्तू जाईल ही भीती जमवणाऱ्या माणसाच्या हाडातच असते, आणि ती भीती दुसऱ्याच्या शब्दाला विचारत नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारच्या आधीचा गुरुवार. डबल ड्युटी करून आलेला जोतीराम तबकड्या पुसायला बसला. प्लास्टिकची तबकडी पाण्यात थोडं स्पिरिट घालून पुसली की लखलखते. कच्च्या तबकडीला मात्र स्पिरिट लागलं की रोगण विरघळतं. हे त्यानं आजवर दहा जणांना शिकवलं होतं. पण बुडतो तो पोहणाराच. एकामागून एक पुसत चालला होता, चाळीस झाल्या, आणि एक्केचाळिसावी बोटांना चिकट लागली तेव्हा त्यानं खाली बघितलं. काळा थर फडक्याला आला होता आणि खालचा पत्रा उघडा पडला होता.

स्वरूपा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता वडगावला जा आणि सांगून मोकळे व्हा. तो मोटारसायकलवर निघालाही. माळेगावपर्यंत गेला, रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायला आणि परत आला.

आबासाहेब मारतील, ओरडतील, ही भीती नव्हती. ओरडले असते तर बरंच झालं असतं. ते गप बसून राहतील, मग उठून जातील आणि परत येणार नाहीत, ही भीती होती. म्हाताऱ्याच्या महिन्यात तीन मिनिटं सुखाची होती आणि ती आपण फडक्यानं पुसली, हे त्याला त्या माणसाच्या तोंडावर म्हणवेना. शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही. शनिवारी त्यानं लॅपटॉपवरचं ते गाणं फोनमध्ये घेतलं. तेव्हा त्याला आणखी भीती वाटली, पण ही भीती निदान काहीतरी करायला सांगत होती.

रविवारी चोराच्या मनात चांदणं. नर्सबाईंनी विचारलं, अंगात ताप आहे का, तर त्याला वाटलं हिला कळलं. गोकुळ सहज प्लेअरपाशी येऊन टेकला, तर यानं त्याला चहाला पिटाळलं. एका तबकडीची मागचीच बाजू लावली, दुसरीवर सुई आपटली. आबासाहेब अडीचला आले, नमस्कार झाला. त्यांनी पिशवीतून घरच्या दह्याचा डबा काढून जोतीरामच्या हातात दिला. जोतीरामनं तो त्यांच्याकडे न बघताच टेबलावर ठेवला.

पावणेपाचला त्यानं ती खराब तबकडी प्लेअरवर ठेवली आणि वरचं झाकण लावलं. सुई खाली सोडायचा खटका अर्ध्यातच ठेवला. सुई तबकडीच्या वर नखभर अधांतरी राहिली. टेबलाखाली, ब्लूटूथनं स्पीकरला जोडलेल्या फोनवर बोट दाबलं, फोन खिशात टाकला. स्पीकरमधून आधी ती नेहमीची खरखर आली, मग जयवंताबाई आल्या.

आबासाहेबांनी डोळे मिटले. नाचून दमलेली माणसं भिंतीला टेकली. जोतीराम सुईकडे बघत होता आणि त्याला वाटत होतं सगळी खोली सुईकडेच बघतेय. पहिली ओवी संपली. दुसरी लागली. निभलं, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले. खालच्या दुकानातलं ग्राइंडर थांबलं. तबकडी दोन फेरे सुस्तावली आणि उभी राहिली. माणसांनी सवयीनं हसायला तोंड उघडलं. पण आवाज काही जाड होईना, बसेना. जयवंताबाई गातच होत्या, आणि पंख्यांची घरघर गेल्यामुळं जास्तच स्वच्छ, अगदी कानाशी.

जोतीरामची पाचावर धारण बसली. फोन बंद करावा तर कबुली, चालू ठेवावा तरी कबुली. हात खिशाकडे जाईनाच. नर्सबाईंनी हात जोडले. फवारणीवाला दाराकडे सरकला. कंडक्टर तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊ लागला. गोकुळनं उभ्या तबकडीकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग दोस्ताच्या घामेजल्या तोंडाकडे, आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

आबासाहेबांनी डोळे उघडले. उठून टेबलापाशी आले. झाकण वर केलं आणि तबकडीवर तळहात ठेवला. उसाच्या पाचटानं चरे पडलेला तो हात उघड्या पत्र्यावरून हळूहळू फिरला. मागं बायको तिसरी ओवी म्हणत होती. चौथी संपेपर्यंत त्यांनी हात काही उचलला नाही. मग खरखरही थांबली आणि हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा राहिला.

जोतीराम बोलला. सगळ्यांच्या देखत बोलला. गुरुवार, स्पिरिट, फडकं, माळेगावची रसवंती, काही म्हणजे काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाला,

“दोन वरसं झाली आबा, माझ्यापाशी हाय ह्यो आवाज. तुमी नको म्हणला हुता, तरी घेतला.”

आबासाहेबांनी चकती प्लेअरवरून उचलून हातात घेतली.

“तबकडी जायाचीच हुती,” ते म्हणाले. “झिजत हुती ते मला ऐकू येत हुतं. दर बारीला थोडी थोडी जात हुती ती. म्याबी जातोय. आमचं दोघांचं बरं जमलं हुतं.” मग त्यांनी वर बघितलं. “पर आज तुमी सुई न टेकवता माझ्याफुडं रिकामं ताट फिरवलं, जोतीराव.”

जोतीरामला जे ऐकायची चार दिवस भीती होती ते हेच होतं.

आबासाहेबांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, त्या फोनातलं पुसा. मी गेल्यावर तिला कुणी कुणाच्या वरातीत वाजवलेलं मला चालणार नाही. जोतीरामनं फोन काढला. कायमचं काढायचं का, असं फोननं विचारलं. त्यानं बोट दाबलं, आणि ते गेलं.

“आनि कुठं हाय?”

नाही म्हणता आलं असतं. खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

“घरी. लॅपटॉपवर.”

“मग घरी जाऊन पुसा. म्या इचारनार न्हाय.”

त्यांनी चकती चादरीत गुंडाळली, काखेला मारली आणि जिना उतरून एसटी स्टँडकडे गेले. दह्याचा डबा टेबलावरच राहिला.

घरी जोतीराम लॅपटॉप उघडून बसला. आता बघणारं कुणी नव्हतं आणि विचारणारंही कुणी नव्हतं. भीती मात्र दुपारच्या दुप्पट होती. दुपारी अब्रू जायची होती, आता जयवंताबाईंचा गळा जायचा होता. जगात हा आवाज फक्त इथंच उरलेला, आणि तो मारायचा आपल्या बोटानं. उकिरड्यावरून, भंगारातून, उंदरांच्या तोंडातून तबकड्या वाचवण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. स्वरूपा, जिनं गुरुवारीच खरं सांगा म्हटलं होतं, तीही आता मागं उभी राहून म्हणाली, ठेवा हो, त्यांना काय कळतंय. निदान एकदा ऐकू तरी द्या.

“न्हाय,” तो म्हणाला. “ऐकलं तर हुनार न्हाय माझ्याच्यानं.”

न ऐकताच पुसलं. मग लॅपटॉप मिटून ओट्यावर जाऊन बसला.

मे महिन्याचा पहिला रविवार आला. आबासाहेब यायचे नाहीत, हे धरूनच चाललेला जोतीराम सकाळपासून चार वेळा जिन्याच्या तोंडाशी जाऊन आला. ते आले तर काय बोलायचं, याचीही त्याला तेवढीच धास्ती होती. गोकुळनं पुढची खुर्ची पुसून ठेवली. दोन वाजले. अडीच वाजून गेले. पावणेतीनला जिन्यावर वहाणा करकरल्या.

आबासाहेब आले. हातात पिशवी होती, चादर नव्हती. जोतीरामनं घासून पुसून ठेवलेला डबा पुढं केला, त्यांनी तो घेतला. त्यांनी विचारावं आणि आपण ‘व्हय आबा, पुसलं’ म्हणावं, म्हणून तो ताटकळत उभा राहिला. त्यांनी विचारलं नाही. शब्द दिला होता, तो पाळला. पुढच्या खुर्चीत बसले आणि हातानंच खूण केली, लावा.

जोतीरामनं पेटीतली एक सात इंची तबकडी काढली. फुंकर मारली, ठेवली, खटका पूर्ण खाली सोडला. खर्रकन आवाज झाला आणि लांबच्या देशातला एक माणूस हाक मारू लागला. लोक नाचायला उठले.

आबासाहेब खुर्चीतून अर्धे उठले, प्लेअरवर वाकले, आणि सुई खरंच टेकली आहे ना ते नीट बघितलं. मग खुर्चीला पाठ लावून बसले.