ज्यानं दिला, त्यालाच दिसतो

माईक

"चंद्राला डाग आहे की नाही?"

"आहे!"

"कापसाला डाग पडतो की नाही?"

"पडतो!" या वेळी आवाज दुप्पट. धरणगावच्या माणसाला चंद्रापेक्षा कापसातलं जास्त कळतं.

"डागी कापूस व्यापारी कसा घेतो? नाक मुरडून! अन् डागी पोरगी सोयरे कशी घेतात?"

गर्दी गप्प. पोरींच्या आया जास्तच गप्प.

"डॉक्टर काय करतो? बिल फाडतो. पार्लरवाली काय करते? रंग फासते. अन् निष्कलंकनाथ काय करतो?"

"फडकं फाडतो!" हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

हंगाम संपून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात निष्कलंकनाथ महाराज स्वतःच माईक धरून बसले होते. कपडे इतके पांढरे की उन्हात बघवत नव्हते. समोर बाया तपकिरी डागांची फडकी झेंड्यासारखी नाचवत होत्या. हा माझ्या नातवाचा. हा माझ्या जावेचा. उतरला, उतरला.

कोकिळाबाई पदर दातात धरून रांगेत उभी होती. पुढे तिची लेक सारिका, जळगावला पतपेढीत नोकरी करणारी. वैशाखाचं ऊन आणि हिच्या गळ्याला ओढणी गुंडाळलेली. लग्न तोंडावर आलं होतं.

सारिकाच्या डाव्या कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत भाजल्याचा डाग होता. ती लहान असताना अंगणात ज्वारीच्या बिबड्यांसाठी, त्या जाड पापडांसाठी, पिठाचा घट्ट घाटा शिजवला होता. तो रटरटता घाटा अंगावर आला. घाटा पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो.

पाहण्याच्या दिवशी बंद गळ्याचा ड्रेस होता. मुलाकडच्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं. कोकिळाबाईला तेच जास्त खुपत होतं. आणि आता हळद येणार होती. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन मुलाकडच्या बाया येणार आणि ती उघड्या गळ्यालाच लावणार.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "जुना डाग पुसला जाणार नाही. उपचारानं फिका होईल, पण वेळ लागेल. लग्नापुरता झाकायचा असेल तर कातडीच्या रंगाचा लेप मिळतो." एवढं खरं बोलल्यावर कोण त्या दवाखान्यात परत जातं?

महाराजांनी तांब्याच्या वाटीत मोरपिसाचा देठ बुडवला. "तीर्थ!" पाण्यासारखंच होतं. त्या देठानं डागाच्या कडेकडेनं सावकाश रेघ ओढली, मधला भाग भरला, वर पांढरं फडकं दाबलं, ते उचलून घडी घातली, घडीला लाल दोरा बांधला.

"सकाळी सोडा. डाग फडक्यात आलेला असेल, पोरीच्या अंगावर नसेल. पोरीनं हळदीपर्यंत आरशात बघायचं नाही."

मग माईक बाजूला करून, एकट्या कोकिळाबाईच्या कानात सांगावं तसं, पण साऱ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,

"आणि कुणाला दिसलाच, तर समजा, त्यानंच तो दिलाय. ज्यानं दिला, त्यालाच दिसतो. त्यानं तोंड उघडायचं नाही. उघडलं की डाग परत!"

फडकं

सकाळी दोरा सोडला फुईनं. हीराबाई, सारिकाच्या वडिलांची बहीण, लग्नासाठी आठवडाभर आधीच येऊन राहिलेली.

फडक्यावर डाग होता. तसाच, कानाखाली निमुळता, खाली पसरट. तपकिरी.

"उतरी गया वं माय, बठ्ठा डाग उतरी गया!" फुई ओरडली. मग तिनं सारिकाच्या गळ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबली. "साफ. एकदम साफ शे."

भाईदास, सारिकाचे वडील, दाराशी आले. त्यांनीही पाहिलं. "हो. साफ आहे," म्हणाले आणि चहा न पिताच मंडपवाल्याकडे निघून गेले.

मग कोकिळाबाईनं पाहिलं आणि

(हे वाक्य तिनं मनातही पुरं केलं नव्हतं, म्हणून इथंही ते तुटकंच ठेवलंय.)

डाग होता. जागच्या जागी, सगळाच्या सगळा. उलट कड जरा काळवंडलेली.

तिनं फडकं नाकाशी नेलं. कोकिळाबाईचं माहेर फैजपूरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. तिकडे घरोघरी केळीचे कपडे वेगळे असतात. बागेत जाताना तेच घालायचे, कारण केळीचा चीक लागला की कपडा कामातून गेला. लागतो तेव्हा पाण्यासारखा. नंतर तांबूस होतो, मग तपकिरी, आणि मग साबण झिजतो पण डाग जात नाही. तिच्या आईचं बागेतलं लुगडं असल्याच डागांनी भरलेलं असायचं. हाच रंग. हाच तुरट वास.

तिला कळलं होतं. इथं उगाच आडपडदा नको, तिला त्याच सकाळी कळलं होतं.

पण कळलेलं उच्चारायचं तर आधी म्हणावं लागलं असतं, मला डाग दिसतो. आणि ज्याला दिसतो त्यानंच तर—

ती फडकं घेऊन ओट्यावर गेली. गल्ली जमली. "बघा," ती म्हणाली. एवढंच. बाकीचं गल्ली बोलली. दुपारपर्यंत अर्धी गल्ली जिनिंगच्या रांगेत होती. शेजारच्या नवलची बायकोही गेली, नुकत्याच सांडलेल्या चहानं पाय भाजलेली तान्ही पोर कडेवर घेऊन. "तुमचं फडकं पाहिलं अन् धीर आला, अक्का," ती जाता जाता म्हणाली. "दवाखान्यातली पट्टी काढूनच टाकली."

घर

त्यानंतर घरात कुणी सारिकाच्या गळ्याकडे बघेना. भाईदास तिच्याशी बोलायचे ते भिंतीकडे तोंड करून. फुईनं तिची वेणी घालणं सोडलं, म्हणे हात दुखतो. कोकिळाबाई ताट वाढताना मान वर करायची नाही. तिला वाटायचं, ही माणसं पुण्यवान. यांना दिसत नाही. आपल्यालाच दिसतं.

घरातले आरसे फुईनं गोधडीत गुंडाळून ठेवले होते.

हळदीच्या दिवशी शिंप्याकडून पिवळं ब्लाउज आलं. गळा चांगला मोठा.

"मीच सांगितला मोठा," सारिका म्हणाली. "आता कशाला झाकायचं? काही नाहीच ना तिथं. आई, आहे का काही?"

कोकिळाबाई हुक लावत होती. हुक सापडेना. बोलावं तर डाग परत. गप्प राहावं तर पोर असाच गळा घेऊन मंडपात बसणार, मुलाकडच्या बाया हळदीचा हात पुढे करणार, आणि तिला पहिल्यांदा कळणार ते त्यांच्या तोंडाकडे बघून.

"मला दिसतो," कोकिळाबाई म्हणाली. "पहिल्यापासून दिसतोय. मीच दिला तो. पातेलं चुलीवरून उतरवून मी जमिनीवर ठेवलं. तू रांगत नव्हतीस, पळत होतीस, तरी ठेवलं."

दारात काहीतरी पडलं. फुईच्या हातातला हळदीचा डबा.

"माले बी दिखस," फुई म्हणाली.

घाटा, फुईचा

"पोरगी घाट्यासाठी रडत व्हती. गरम घाटा तेल टाकीसन आवडे तिले. मीच सांगेल व्हतं, जाय, बोटवर ली चाट. मी सांगं नसतं तं ती पातेलाजोडे जातीच ना."

घाटा, बापाचा

भाईदास कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. ते या वेळीही भिंतीशीच बोलले.

"त्या दिवशी मी चहासाठी हाक मारली. कोकिळा म्हणाली, हात गुंतलाय. मी म्हटलं, एवढंही होत नाही का? म्हणून ती पातेलं खाली ठेवून उठली. तुझी आई नाही, सारिका. मी. म्हणून मला दिसतो."

घाटा, सारिकाचा

सारिका हसायला लागली. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसायला लागली.

"आरसे बांधून ठेवलेत. मोबाईल कुठे बांधलाय? मी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात पाहिलं. सगळा तसाच! मला वाटलं, आई नको नको म्हणत असताना मीच हात घातला, म्हणजे मीच मला दिला. म्हटलं, तुम्हाला दिसत नाही ना, मग कशाला बोला? म्हणून ब्लाउज मोठ्या गळ्याचं शिवलं, तुम्हाला संशय नको म्हणून."

मग ती एकेकाकडे बघत म्हणाली, "एक डाग, देणारे चार. असं कसं, आबा?"

भाईदासांनी पहिल्यांदा भिंत सोडून तिच्याकडे पाहिलं. "नाही बसत हिशोबात."

"ज्यानं दिला त्याला नाही दिसत, आबा. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतो. तो बाबा हुशार एवढ्याचसाठी. भाजलेलं लेकरू ज्या घरात आहे, त्या घरात प्रत्येकालाच वाटतं की आपल्यामुळे झालं. त्याला फक्त आपलं तोंड बंद करायचं होतं. ते आपणच करून दिलं."

"पण फडक्यावर तर आला डाग," फुई म्हणाली. "तो कथाईन उना?"

तो कुठून आला हे ठाऊक असलेल्या कोकिळाबाईला आता खाली मान घालून चालणार नव्हतं.

चीक

मंडपाच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते, सकाळीच असोद्याहून आलेले, ताजे. अंगणात गल्लीतल्या बाया हळदीसाठी जमल्या होत्या. कोकिळाबाई विळा घेऊन आली आणि तिनं त्यातल्या एका खुंटावर आडवा घाव घातला.

"अगं बाई, शुभाच्या दिवशी!"

"थांबा जरा. बघा, काय गळतंय?"

"पाणी," कुणीतरी म्हणालं.

"पाणीच दिसतं." तिनं ते वाटीत धरलं. सारिकानं काडी बुडवून पांढऱ्या फडक्यावर काहीतरी काढलं. फडकं कोरंच दिसत होतं. ते उन्हात वाळत घातलं.

"आता दम धरा," कोकिळाबाई म्हणाली. "चीक आहे हा. वारा लागला की तांबडा होतो, मग तपकिरी. महाराजांचं तीर्थ हेच. डागाच्या कडेनं फिरवलं, वर फडकं दाबलं, म्हणून फडक्यावर आकार डागाचा. अंगावरचं काही उतरत नाही. हिची कड काळवंडली तीसुद्धा चिकानंच. इकडे कापसाचा मुलूख, तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत होतं."

तोवर दाण्याची उसळ खाऊन झाली, बांगड्यांवरून थट्टा झाली, एका म्हातारीनं महाराजांची बाजू घेऊन दोन शाप दिले. मग कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

फडक्यावर हळूहळू लांब दाढी उगवत होती. मग गोल डोळे, मग मिशा. सारिकानं महाराज काढले होते.

अंगण हसून लोळलं. "निष्कलंकनाथालाच डाग पडला की वं!"

एक नवलची बायको तेवढी हसली नाही. तिच्या कडेवर पोर कण्हत होती. बाबानं पाय धुवायचा नाही, उघडायचा नाही, असं बजावलेलं. पायावर गुंडाळलेल्या फडक्यातून पिवळं पाणी झिरपत होतं.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, तर त्याच दिवशी मला का नाही सांगितलं?"

कोकिळाबाईनं पोरीचा पाय पाहिला. "अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "मोटरसायकल काढा. दोघींना जळगावला न्या. हळद तुमच्यावाचून होईल."

हळद

मुलाकडच्या बाया आल्या तेव्हा सारिका पाटावर बसली होती, मोठ्या गळ्याचं ब्लाउज घालून, ओढणी न घेता. नवऱ्याच्या आईचा हळदीचा हात गालावरून खाली आला आणि थांबला.

"हे काय?"

"लहानपणी भाजलंय," कोकिळाबाई म्हणाली. "पाहण्याच्या दिवशी आम्ही झाकलं होतं."

"सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

विहीणबाईंनी मग सारिकालाच विचारलं, "लावल्यावर झोंबेल का?"

"नाही. जुना आहे."

त्यांनी हळद लावली. गोड काही बोलल्या नाहीत. पण डाग सोडून लावली नाही, डागावरून लावली.

रांग

संध्याकाळी भाईदास परतले. पोरीचा पाय वाचला होता. जखम चिघळली होती, ती साफ करून औषधं दिली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरून येईल, पण खूण राहील, आधी आणली असती तर एवढी राहिली नसती. भाईदासांनी हे बायकोला शब्द न् शब्द सांगितलं. गाळावं असं त्यांना वाटलं होतं, पण या घरात आता ते नको होतं.

सारिकाची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई केळीचा खुंट खांद्यावर घेऊन जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. सोबत फुई आणि नवलची बायको. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन झाला होता. पण पोलीस येईपर्यंत रांग थांबत नसते.

माईक आत ओरडत होता. रांगेतली एक बाई वैतागून म्हणाली, "सरका ना वं. तुम्ही कोण आडवणाऱ्या?"

"मी फडकं मिरवलेली बाई," कोकिळाबाई म्हणाली. "खोटं आहे हे ठाऊक असून मिरवलेली. तुमच्या लेकराला काय झालंय? भाजलंय? कधी?"

"परवा. पण आमच्या हातून..."

"कुणाच्या हातून ते मला नको. जो आधी ते विचारतो, त्याच्यापासून लांब राहा. कधी भाजलं, कशानं भाजलं, हे विचारणाऱ्याकडे जा. तो डाग पुसून देतो म्हणणार नाही. पण जखम धुऊन देईल." तिनं विळा काढला आणि खुंटावर घाव घातला. "आणि जायच्या आधी दोन मिनिटं हे बघा. पाण्यासारखं दिसतंय ना? बोट लावा. वास घ्या. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

रांगेतली बाई घुटमळली. मग तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बोट पुढे केलं.