बैठक सकाळी दहा वाजता

“दुपारी तीनला बैठक कोण ठेवतं, एडेल्मिराबाई?” लाँचच्या टपाखाली घाम पुसत इंजिनियर फाबिआनने विचारलं, तेही तिसऱ्यांदा. “साडेपाचला परत निघायचंय. अडीच तासांत आख्खं राष्ट्रीय धोरण उरकायचं?”

“याआधी तीन वेळा आख्खी सकाळ दिली होती, साहेब. तेव्हा काय उरकलं?”

सुकाणूवरचा लाँचवाला खुदकन हसला. फाबिआनने रुमाल खिशात कोंबला. पोरगा तसा गुणी होता. राजधानीहून, थंड डोंगरातून आलेला, वय एकतीस, आणि शाश्वत विकास धोरणातलं पानन् पान मनापासून खरं मानणारा. हे दुखणं वयाबरोबर आपोआप बरं होतं, असं एडेल्मिराचं मत होतं, पण त्याचं बरं होऊ नये असंही तिला अलीकडे वाटायचं.

तिचं स्वतःचं वय एकोणसाठ. किनाऱ्यावरच्या जिल्हा नियोजन कचेरीत सव्वीस वर्षं टायपिंग. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. सरकार बदललं की नवं धोरण, नवं धोरण आलं की गावोगाव बैठका, आणि प्रत्येक वेळी ये रे माझ्या मागल्या. भिंतीवर तोच खाकी कागद, तीच रंगीत कार्डं, आणि ‘वीस वर्षांनी तुमचं गाव कसं दिसावं?’ हा तोच प्रश्न. अधिकारी दरवेळी वेगळा असायचा. टायपिस्ट तीच. आजचं हे चौथं धोरण. फरक इतकाच, की या वेळी सूचनापत्रावरची वेळ तिने कुणाला न विचारता टाकली होती.

लाँच चालली होती ते एल तागुआल तिचं माहेर म्हणा, गाव म्हणा, जे काही होतं ते. एकोणिसाव्या वर्षी ती इथून निघाली. आई खाजणातल्या खारफुटीत काळ्या शिंपल्या काढायची, आईनंतर धाकटी बहीण तोमासा काढते. सुकतीला, म्हणजे ओहोटीने पाणी उतरलं की, होडी घेऊन जायचं, मांडीभर चिखलात उतरायचं, मुळांच्या जाळीत कोपरापर्यंत हात घालून शिंपली चाचपायची, भरती चढली की परतायचं. इथल्या बायकांचा दिवस पाण्याबरोबर उजाडतो आणि पाण्याबरोबरच मावळतो.

शहरात औषधाच्या दुकानामागे एडेल्मिराची भाड्याची खोली होती. पहाटे जाग आली की ती आधी मनात हिशोब मांडायची, आज सुकती किती वाजता, तोमासा निघाली असेल का. पस्तीस-चाळीस वर्षांत एक पहाट चुकली नव्हती. निवृत्त झाल्यावर गावी जावं, तोमासाच्या चुलीपाशी बसावं, कच्ची केळी सोलावीत, नारळाचं दूध पिळून द्यावं, एवढीच तिची इच्छा होती. पण तोमासाच्या दारात पाऊल टाकून तिला अकरा वर्षं झाली होती. त्या वर्षी आईची खाडी गेली. नियोजनाच्या नकाशात ती गुलाबी झाली, म्हणजे उत्पादनासाठी मोकळी, आणि बघता बघता खारफुटी तोडून तिथे कोळंबीचे तलाव झाले. तोमासा शहरात आली होती तेव्हा. “आम्हाला न विचारता दिलीच कशी?” असं तिने उभ्याउभ्या विचारलं. एडेल्मिरा म्हणाली, “मी साधी टायपिस्ट गं.” तोमासा पाणीसुद्धा न पिता गेली, आणि आई त्याच पावसाळ्यात वारली. त्यानंतर एडेल्मिरा गावात आली ती फक्त सरकारी कामाला.

पावणेतीनला शाळेच्या खोलीत दुकानदार आणि मास्तर, दोघेच होते. फाबिआन घड्याळाकडे बघत होता. त्याच्याकडे बघायचं एडेल्मिराने टाळलं. तीस बायकांच्या सह्या झाल्या तर उरलेली शेवटची खाडी, ग्वाबोची, हिरव्या रंगात जाणार होती, बायकांच्या राखणीत. नाहीतर तीही गुलाबी.

तीनला पाच कमी असताना पाण्यावर बोलणं ऐकू आलं. मग वल्ही. एकेक होडी धक्क्याला लागली आणि बायका तशाच वर आल्या, मांड्यांवर सुकलेला चिखल, अंगाला डास हाकलायला जाळलेल्या नारळाच्या सोडणाचा धूर. बाकं भरली, मग खिडक्या भरल्या. एकेचाळीस. तोमासा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे केस पांढरे झाले होते. एडेल्मिराने हजेरीपट सरळ केला, मग परत सरळ केला.

नव्या धोरणात एकच गोष्ट खरोखर नवी होती. नवं काही विचारण्याआधी जुन्या बैठकांचं इतिवृत्त सगळ्यांसमोर वाचायचं, आणि आज जे कुणी बोलेल ते आहे तसं लिहायचं. फाबिआनने खणखणीत आवाजात वाचलं. “बैठक सकाळी दहा वाजता सुरू झाली. शिंपल्या काढणाऱ्या महिलांना रीतसर सूचना देऊनही त्या फिरकल्या नाहीत. सबब त्यांची हरकत नाही असे गृहीत धरण्यात आले.”

दुसऱ्या बैठकीतही तेच वाक्य होतं, आणि तिसऱ्यातही.

पहिल्या बाकावरची म्हातारी प्राक्सेदिस पुढे वाकली. “बाळा, तारखा काय म्हणालास?”

त्याने सांगितल्या. म्हातारीने बोटांवर काहीतरी मोजलं.

“पुनव, अवस, परत पुनव. तिन्ही दिवस उधाणाचे. उधाणात सकाळी दहाला सुकती असते रे. तेव्हा या गावात कोंबड्या असतात फक्त. त्यांच्या सह्या घेतल्यात का?”

खोली हसली. फाबिआनचे कान लाल झाले. “चूक झाली, आजी. कचेरीतल्या लोकांना सुकती कुठून कळणार? माहिती नव्हती.”

“ते खरं,” कुणीतरी म्हणालं. “डोंगरातली माणसं ती.”

माना डोलल्या. इथेच सगळं मिटलं असतं. एडेल्मिराच्या पेनने ‘माहितीअभावी’ असा शब्द लिहायला घेतलाही होता. सव्वीस वर्षं तिने असे शब्द लिहिले होते. त्यांत कुणाचंच नाव येत नाही आणि कागद मात्र भरतो.

तिने पेन खाली ठेवलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणाला ऐकूच आलं नाही. मग ती उभी राहिली.

“सूचना मी टाइप केली होती. तिन्ही. पहिल्या वेळी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं मी, की त्या वेळी बायका खाजणात असतात. ते म्हणाले, कचेरी घड्याळावर चालते, चंद्रावर नाही. सगळे हसले. मीपण हसले. दुसऱ्या वेळी मला नोकरीत कायम करायचं चाललं होतं, म्हणून बोलले नाही. तिसऱ्या वेळी…” तिने टेबलावरचं पेन बाजूला सारलं. “तिसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं. सवय झाली होती. ‘फिरकल्या नाहीत’ हे वाक्यपण माझंच. साहेबांनी नुसती सही केली.”

आता कुणी हसत नव्हतं. प्राक्सेदिस म्हातारीने तोंडातला विझलेला चिरूट काढून हातात धरला. फाबिआन टेबलावरून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, हे इतिवृत्तात नको. तीन आठवडे राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल.”

“जे बोललं ते आहे तसं लिहायचं, हा तुमचाच नियम ना, साहेब?”

“हो, पण…”

“मग लिहू द्या.”

आणि तिने लिहिलं. तिचं अक्षर सुंदर होतं, कचेरीत त्याचं कौतुक व्हायचं. स्वतःचं संपूर्ण नाव, वडिलांचं, आईचं आडनाव, सगळं तिने त्याच सुंदर अक्षरात लिहिलं. लिहिताना तिला रडू आलं नाही. फक्त आपण हे अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या त्या खोलीत बोललो असतो तर, एवढंच वाटत राहिलं, आणि ते वाटणं काही केल्या सरेना.

पुढचं काम झालं. ग्वाबोच्या खाडीवर बायका भरभरून बोलल्या. कुठल्या मुळांपाशी शिंपली मोठी होते, कुठली जागा दोन महिने सोडायची, बारकी शिंपली आणणारीला काय दंड. कोण राखण करेल आणि कुणाचं चुकलं तर कुणी विचारायचं, हेही त्यांनीच ठरवलं. फाबिआनची कार्डं पेटीतच राहिली. मग एकेक बाई सहीला आली. एडेल्मिराकडे कुणी पाहिलं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. एकेचाळिसावी तोमासा. तिने नकाशाचं पान बाजूला सारलं आणि बहिणीने लिहिलेलं पान पुढे ओढलं. ओळीखाली बोट धरून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शाळा तिने तिसरीत सोडली होती, त्यामुळे वेळ लागला. मग त्या पानाखालीही सही केली.

धक्क्यावर फाबिआन कुणाकुणाचे हात हातात घेत होता. एडेल्मिरा लाँचपाशी एकटी उभी होती. तोमासा आली. दोघी पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“आईची खाडी गेल्यापासून मी लांबच्या खाजणात जाते,” तोमासा म्हणाली. “जाताना एक तास जास्त, येताना एक तास. रोजचे दोन तास. अकरा वर्षं. ते कुठून आणून देशील?”

“नाही देता यायचे.”

“हं. मग देते म्हणू नकोस. बाकी सगळे म्हणतात.”

लाँचवाल्याने इंजिन सुरू केलं. फाबिआन चढला. घरी येऊ का, एवढं विचारण्याइतका वेळ एडेल्मिराला उरला होता, पण धीर उरला नव्हता.

“मी मोकळी होतेय पुढच्या महिन्यात,” ती एवढंच म्हणाली.

तोमासाने तिचे हात पाहिले. टाइप करणारे, स्वच्छ नखांचे.

“चुलीपाशी बसायला येणार असशील तर नको येऊस. माझं मन नाही अजून.” मग धक्क्याला बांधलेल्या होडीकडे हनुवटी करत, “होडीत मात्र पुढचं वल्हं रिकामं आहे. आम्ही कुणासाठी थांबत नाही. आणि वेळ मी कळवायची नाही. ती तुला माहीत असते.”

ती वळून गेली. एडेल्मिराने लाँचच्या बाकावर बसून पायांतले बूट काढले, मोजे काढले, आणि लाँच कोळंबीच्या तलावांच्या सरळ बांधांपाशी पोचेपर्यंत ती बोटांवर पुढच्या महिन्याच्या सुकत्या मोजत होती.