आठ वावांवरची गाठ

आमच्या ह्यांचा उत्साह म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. होडीचा वेग मोजायचा दोर कुजला, तर माझ्या बाबांना न विचारता ह्यांनी नवा आणून गाठीही मारून टाकल्या. दर आठ वावांवर एक, बाबांच्याच पद्धतीनं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. सासऱ्यांनी शाबास म्हणावं, एवढीच बिचाऱ्यांची अपेक्षा.

पहिल्याच फेरीत धुक्यानं गाठलं. जागा दाखवणारं यंत्र ऐन वेळी मान टाकून बसलं. समोर कुठेतरी खडक होते आणि त्यांच्या अलीकडेच डावीकडे वळायचं होतं. किती अंतर आलो ते कळायलाच हवं. मी दोराच्या टोकाची फळी पाण्यात टाकली. फळी जागेवर तरंगते, होडी पुढे जाते, दोर सुटत जातो. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत चार गाठी हातातून गेल्या.

"चार!" मी ओरडले.

सुकाणूवरून ह्यांनी हिशेब केला. "अजून अर्धा तास सरळ."

बाबा शिडाखाली खांदा चोळत बसले होते. मी दोर ओढून घेऊ लागले. लहानपणापासून हे काम माझंच. आठवी वाव ओढली की हाताला गाठ लागायचीच. आज आठवी संपली तरी नुसता दोर. पुढच्या खेपेलाही तेच.

"बाबा, गाठ उशिरा येतेय."

बाबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "जावईबापू, वाव कुणाच्या हातांनी मोजलीत?"

"माझ्या."

आमचे हे ताडमाड, दारातूनसुद्धा वाकून येतात.

"म्हणजे गाठी लांब पडल्या. वेग जास्त आहे, आपण बरंच पुढे आलोय. वळवा! आत्ता!"

ह्यांनी लगेच सुकाणू फिरवलं. थोड्याच वेळात उजवीकडे लाटा खडकावर फुटताना ऐकू आल्या, इतक्या जवळ की तोंडावर पाणी उडालं.

घरी आल्यावर ह्यांनी सगळ्या गाठी सोडवल्या आणि दोर बाबांपुढे धरला. "तुम्हीच मोजा."

बाबांनी हात पसरले. डावा पसरला, उजवा खांद्याशीच अडला. पुन्हा प्रयत्न केला. मला रडू आलं.

"हिची वाव घ्या," बाबा म्हणाले. "हातापायांनीही माझ्यावरच गेलीय."

मी हात पसरले. आठ वाव भरल्यावर पहिली गाठ मात्र बाबांनी मारली.