पथारीवरची टीका

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, पाठीला चिकटपट्टीचे तीन थर असलेली. नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राला जो कुणी येतो, त्याचं माझ्यावाचून पान हलत नाही. जाडजूड पुस्तकं ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद बसून असतात. मी नऊ वर्षांत कपाट कसलं ते पाहिलेलं नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला लिहिलं कोरीटच्या रंजिता पाटीलने. विषय होता आर्थिक विचारांचा इतिहास. परदेशातले कुठले कुठले विचारवंत माझ्या पोटात आहेत. एक म्हणतो सोनंचांदी हीच संपत्ती, दुसरा म्हणतो जमीन. नुसती भांडणं. पण रंजिताचं अक्षर इतकं सुबक, की भांडणंसुद्धा शिस्तीत वाटतात.

निसर्गवाद्यांचं प्रकरण चाललं होतं तेव्हा ती दोन दिवस वर्गात आलीच नाही. तिच्या काकांची मिरचीची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. आभाळ भरून आलं, तशी घरातली सगळी माणसं ताडपत्र्या घेऊन तिकडे धावली. परत आल्यावर तिने मैत्रिणीकडून निसर्गवाद्यांचं म्हणणं उतरवून घेतलं: फक्त जमीनच नवं उत्पन्न देते, बाकी सगळे वर्ग वांझ. 'टीका' या मथळ्याखालची जागा मात्र मैत्रिणीकडेही कोरीच होती. मग रंजिताने स्वतःच्या मनाने लिहिलं:

"ओली मिरची पथारीवर वाळते. वजन घटते, मोल वाढते. जमिनीने यात नवे काही दिले नाही. मग हे मोल देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांनी दिले नाही, तर कोणी दिले?"

रंजिता पास झाली, लग्न होऊन शहाद्याकडे गेली. मी पुढच्यांच्या हाती आले. दरवर्षी मुलं मला उतरवून घेत, फोटो काढत, पाठ करत. पथारीसकट. जुने सर उत्तरपत्रिका वरवर चाळून मार्क देत, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

यंदा हेमकांत सर आले, प्रकाशा गावचे. हे ओळ न् ओळ वाचणारे. अंतर्गत परीक्षेत आठ उत्तरपत्रिकांमध्ये त्यांना एकच पथारी सापडली.

"ही टीका मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही," ते वर्गात म्हणाले. "कॉपी कुठून केली ते उद्या दाखवा. नाहीतर आठही जण नापास."

त्या आठांत दामिनी होती. तोरणमाळकडच्या पाड्यावरची, घरात पहिलीच एवढं शिकणारी. नापास झाली असती तर घरच्यांनी आणखी एक वर्ष दिलं नसतं. ते तिला ठाऊक होतं, आणि यंदा तिच्याच दप्तरात असलेल्या मलाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला सरांच्या टेबलावर ठेवलं. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली. इतक्या जणांनी मला पाठ केलं, पण हे म्हणणं कुणाचं, असं एकानेही विचारलं नव्हतं.

"हे कुठल्या विचारवंताचं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. खरं आहे एवढं माहीत होतं. माझी आई हंगामात इथल्याच पथारीवर देठ खुडते."

सरांनी मला जवळ ओढलं. माझ्या पहिल्या पानावरचं नाव वाचून त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांकडून रंजिताचा नंबर मिळवला आणि फोन लावला. ती आधी शुद्ध मराठीत बोलली, मग घाबरून घरच्या बोलीवर आली.

"ते मन्हंच लिखेल शे, सर. त्या दोन दिन मी कॉलेजले उनीच नही. पोरेस्ना मार्क कापू नका."

सरांच्याही तोंडून अहिराणीच निघाली. "तुन्ही टीका खरी शे, ताई. नाव लिखानं तेवढं राही गयं."

आठही जण पास झाले. मात्र प्रत्येकाचा एक मार्क सरांनी कापलाच, ज्याचा विचार त्याचं नाव न लिहिल्याबद्दल. मग आपला पेन त्यांनी दामिनीपुढे धरला.

तिने टीकेखाली लिहिलं: 'रंजिता पाटील, कोरीट.' जरा थांबली, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'पुरावा: फुलीबाई, देठ खुडणारी, माझी आई.'

आता माझे कोपरे झिजलेत, मधली पानं सुटायला आलीत. तरी मान ताठ आहे. आर्थिक विचारांच्या इतिहासात आमच्याकडच्या दोन बाया आहेत, आणि त्या माझ्या पानावर आहेत. पुढच्या वर्षी मला उतरवून घ्याल तेव्हा घाईत एखादा परदेशी विचारवंत गळाला तर गळू द्या, पण ही दोन नावं गाळू नका.